टाकळा उगवलाय, भाजी करा! (ओळख, पाककृती, बियांचे उपयोग, सगळं इथेच लिहा)

पाणकळा:
मंडळी, मृगाचा पाऊस नीट लागला की आठवड्याभरात बांधावर, रस्त्याकडेला, पडीक जागेत टाकळ्याची रोपं दिसायला लागतात आणि नेमकं तेव्हाच लोक त्याला तण म्हणून उपटून टाकतात, हे बघून दरवर्षी जीव तळमळतो म्हणून हा धागा काढतोय. शास्त्रीय नाव सेन्ना टोरा, जुन्या पुस्तकात कॅसिया टोरा सापडेल. विदर्भात तरोटा, गोव्यात तायकिळो, हिंदीत चकवड किंवा पवाड, संस्कृतात चक्रमर्द. वर्षायू झुडूप आहे, चांगल्या जमिनीत कंबरेएवढं होतं, भादव्याच्या आसपास पिवळी फुलं, मग लांब बारीक कोयत्यासारख्या वाकलेल्या शेंगा, आणि दिवाळीनंतर वाळून खडखडाट.

माझं म्हणणं एकच आहे, टाकळ्याचं सगळं वेळेवर अवलंबून आहे. जूनमध्ये जी भाजी मेथीच्या तोंडात मारेल अशी लागते तीच ऑगस्टमध्ये कडू, उग्र आणि चोथट होते. त्यामुळे 'आम्ही खाल्ली, नाही आवडली' म्हणणाऱ्यांना आधी विचारावं लागतं की कधी खाल्ली. खुडताना शेंड्याकडचा भाग नखाने दाबून बघायचा, कट्‌कन तुटला तर कोवळा, दोरा सुटला तर ते रोप सोडून पुढे जायचं. रोप वीतभर असतानाच घ्यायचं, फूल आलं की भाजीचा विषय संपला.

तुमच्याकडे कशी करतात, अजून कशाकशाला वापरतात ते लिहा.

सुपारीबाग:
वा, छान धागा. आमच्या सिंधुदुर्गात पावसाच्या सुरुवातीला टाकळ्याची भाजी झाल्याशिवाय पावसाळा लागला असं वाटतच नाही. आमची पद्धत सांगते. आधी पानं देठापासून ओरबाडून घ्यायची, दांड्या टाकून द्यायच्या, मग तीनचार पाण्यातून धुवायची कारण पावसाच्या थेंबांनी खालची माती उडून पानाच्या मागे चिकटलेली असते. चिरायची बारीक. तेलावर ठेचलेला लसूण, सुकी मिरची, भरपूर कांदा, त्यात आठळ्या, उन्हाळ्यात फणस खाऊन झाले की आठळ्या राखेत किंवा मातीत ठेवतात ना त्या, ठेचून साल काढून आधीच उकडून घेतलेल्या. मग टाकळा, मीठ शेवटी कारण पाला आळून एवढासा होतो आणि आधी अंदाजाने मीठ घातलं तर हमखास खारट होते. वरून ओलं खोबरं मूठभर. झाकण ठेवायचं नाही, उग्र वास निघून जाऊ द्यायचा. तांदळाची भाकरी आणि ही भाजी.

आठळ्या नसतील तर भिजवलेली चणाडाळ किंवा मूगडाळ घाला पण आठळीचा पिठूळपणा टाकळ्याच्या किंचित कडवटपणाला जसा सांभाळून घेतो तसा डाळीने नाही होत, हे माझं ठाम मत.

वऱ्हाडी_भाकर:
आमच्याइकडं तरोटा. खोबरं-बिबरं काही नाही, तेल, जिरं, लसूण, हिरवी मिरची ठेचून, त्यात तुरीची नाहीतर चण्याची भिजवलेली डाळ टाकून परतायची, ज्वारीच्या भाकरीसंगं. कोणी बेसन पेरून पण करते. मेळघाट, गडचिरोलीकडे कोवळा पाला उकळत्या पाण्यातून काढून वाळवून ठेवतात, उन्हाळ्यात ताजी पालेभाजी नसते तेव्हा कामी येते. पाणी काढून टाकल्यामुळे कडवटपणाही जाते.

आणि एक, आमच्याकडे भाजीपेक्षा बियांची गोष्ट मोठी आहे. शेंगा वाळल्या की झाडं कापून अंगणात आणून बडवतात, बी वेगळं करून बाजारात विकतात. गौण वनोपजाला केंद्राचा जो हमीभाव असते त्या यादीत पण पवाड बी म्हणून हे आहे. छत्तीसगडात चरोटा म्हणतात, तिथं तर जंगलालगतच्या गावांत हे हिवाळ्यातलं हातचं उत्पन्न आहे. तण तण म्हणणाऱ्यांनी हे पण बघावं.

डोंगरओहोळ:
मस्त माहिती. एक शंका आहे, मी पुण्यात टेकडीवर फिरायला जाते तिथे सारखी दिसणारी दोनतीन प्रकारची झाडं आहेत, सगळ्यांना पिवळीच फुलं, सगळ्यांना शेंगा. कोणी सगळ्यालाच टाकळा म्हणतं. भाजी करायची तर नक्की कुठला घ्यायचा? चुकून भलतंच खाल्लं तर?

पानफूल:
डोंगरओहोळ, बरं झालं विचारलंत. हा भाग जरा सविस्तर लिहिते कारण इथे निष्काळजीपणा परवडणार नाही.

टाकळ्याचं संयुक्त पान बघा, त्यात पर्णिकांच्या, म्हणजे एकाच दांडीवरच्या छोट्या पानांच्या, बहुतेक तीन जोड्या असतात आणि पर्णिका टोकाला गोलसर, देठाकडे निमुळती, टोकाकडची जोडी सगळ्यात मोठी. खालच्या जोड्यांच्या मधे दांडीवर उभी काडीसारखी बारीकशी ग्रंथी दिसते, ताजं पान नाकाजवळ धरून बघितलं तरच कळते इतकी छोटी. शेंगा बारीक, गोलसर, वीतभर लांब आणि वाकड्या.

आता कासविंदा, म्हणजे सेन्ना ऑक्सिडेंटॅलिस, काही जण याला रानटाकळा म्हणतात आणि सगळा घोळ तिथेच होतो. याच्या पर्णिकांना स्पष्ट टोक असतं, अणकुचीदार, जोड्या चार ते सहा, आणि पान चुरगळलं तर येणारा वास खरंच घाण असतो. शेंगा चपट्या, रुंद, सरळ किंवा जराशा वर वळलेल्या. पश्चिम उत्तर प्रदेशात लहान मुलं दरवर्षी ठराविक हंगामात अचानक आजारी पडून दगावत होती, यकृत, स्नायू आणि मेंदू तिन्हींवर परिणाम, बरीच वर्षं तो मेंदूज्वर समजला जात होता. डॉक्टरांनी शोध घेतल्यावर मुलांनी कासविंद्याच्या शेंगा-बिया खाल्ल्याचं समोर आलं. गुराढोरांना आणि कोंबड्यांनाही या बियांची विषबाधा होते, स्नायू निकामी होतात. त्यामुळे खेळताना मुलांनी शेंगा तोंडात घालू नयेत हे घरात सांगून ठेवा.

तिसरं पुण्याच्या टेकड्यांवर भरपूर असणारं म्हणजे सेन्ना युनिफ्लोरा. मूळचं अमेरिकेच्या उष्ण भागातलं, इथे येऊन माजलेलं. पानं लांबून टाकळ्यासारखीच पण खोडावर, पानांवर तपकिरी सोनेरी लव असते, हात फिरवला की लगेच कळतं. शेंगा बोटभरच, चपट्या, बियांच्या मधेमधे आवळलेल्या. हे भाजीला घेत नाहीत.

आणि तरवड वेगळा, तो मोठा झुडुपासारखा, फुलं मोठी, साल कातडी कमावायला वापरायचे. नाव जवळचं आहे म्हणून तरोटा आणि तरवड एक समजू नका.

थोडक्यात गोल टोक, तीन जोड्या, लव नाही. तिन्ही जुळलं तरच खुडा. पहिल्या वर्षी जाणत्या माणसाबरोबरच जा, फोटो बघून एकटीने नको.

डोंगरओहोळ:
पानफूल ताई, खूप धन्यवाद. तिन्ही गोष्टी लिहून घेतल्या. संध्याकाळी पानं मिटलेली दिसतात तो टाकळाच का?

पानफूल:
मिटतात हो, टाकळ्याची पानं अंधार पडायला लागला की समोरासमोर जोडली जातात. पर्णिकेच्या तळाशी फुगीर सांधा असतो, त्यातल्या पेशींमधलं पाणी कमी-जास्त झालं की पान उघडतं-मिटतं. पण या कुळातल्या बऱ्याच झाडांत असं होतं त्यामुळे तेवढ्यावर ओळख पक्की करू नका. मुलांना दाखवायला मात्र फार छान, दुपारी एक रोप दाखवायचं आणि तेच दिवेलागणीला.

शेणाची_पोवटी:
आमच्या गोव्यात तायकिळो म्हणतात हे वर आलंच आहे. आमच्याकडे पण आठळ्या आणि खोबरं, सुपारीबाग ताईंसारखंच, पण काही घरांत त्यात आमसूल घालतात. मला स्वतःला आंबटपणा आवडतो, उग्रपणा मोडतो. वास येतो म्हणून न खाणाऱ्या पोरांसाठी पाला चिरून तांदळाच्या पिठात, थोडं बेसन, तिखट, हळद घालून वड्या थापून तव्यावर भाजायच्या, कोणाला कळत पण नाही आत काय आहे.

ओपीडी_संपली:
नमस्कार, मी त्वचारोगांच्या क्षेत्रात काम करते. भाजीबद्दल वाचून छान वाटलं, पण टाकळ्याचा विषय निघाला की लगेच गजकर्णावरचा उपाय येतो आणि इथे पण कोणीतरी लिहिणारच म्हणून आधीच लिहिते.

टाकळ्याच्या बिया ताकात किंवा लिंबाच्या रसात वाटून गजकर्णावर, नायट्यावर लावायची पद्धत खूप जुनी आहे, संस्कृतात याचं एक नावच दद्रुघ्न. त्यामागे काही तथ्य आहे, बियांत आणि पानांत क्रायसोफॅनॉल, इमोडिन असे अँथ्राक्विनोन गटातले घटक असतात आणि प्रयोगशाळेत त्यांचा बुरशीवर परिणाम दिसतो. पण प्रयोगशाळेतली बशी आणि माणसाची मांडी यात फरक आहे.

गेल्या काही वर्षांत आपल्याकडे गजकर्णाची अक्षरशः साथ आहे. घरातल्या एकाला झालं की सगळ्यांना, महिनोन्‌महिने जात नाही, गेलं तर परत येतं. यातल्या बऱ्याच केसेसमध्ये सापडणाऱ्या बुरशीला २०२० मध्ये स्वतंत्र प्रजाती म्हणून नाव मिळालं, ट्रायकोफायटन इंडोटिनी. टर्बिनाफिन हे नेहमीचं औषध तिच्या अनेक प्रकारांवर नीट चालत नाही. हे इतकं पसरण्याचं एक मोठं कारण म्हणजे मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेली स्टेरॉइड मिसळलेली क्रीम. दोन दिवसात खाज थांबते, लाली जाते, माणूस खूष, आणि आत बुरशी मोकाट वाढते, चट्ट्याचा आकार पण बदलतो त्यामुळे पुढे निदान करणं अवघड होतं.

त्यामुळे विनंती अशी की चट्टा दिसला की आधी दाखवा. टाकळा लावून दोनतीन महिने घालवू नका, आणि लिंबाच्या रसात वाटलेली कुठलीही गोष्ट जांघेत लावून उन्हात फिरू नका, त्वचा भाजते, असे पेशंट येतात. कपडे-टॉवेल वेगळे, गरम पाण्यात धुवून कडक उन्हात वाळवणं, घरातल्या सगळ्यांची एकदम ट्रीटमेंट, या गोष्टींनी जास्त फरक पडतो.

पाणकळा:
ओपीडी_संपली, फार महत्त्वाचं लिहिलंत. फक्त एवढंच म्हणेन की आमच्या आजोबांच्या पिढीला दुसरा पर्याय नव्हता, दवाखाना दिवसभराच्या वाटेवर, आणि त्या काळात हा लेप लावून लोकांचं भागत होतं. त्यांच्या हाताशी होतं त्यातलं हे चांगलं औषध होतं असं मला वाटतं.

ओपीडी_संपली:
हो, त्याबद्दल दुमत नाहीच. त्या काळची बुरशी साधी होती, स्टेरॉइड क्रीमचा मारा नव्हता. लेप आज चुकीचा का ठरतो तर समोरचा आजार बदललाय म्हणून.

गायरान:
सगळे कौतुक करतायत म्हणून दुसरी बाजू लिहितो. आमच्या गावच्या गायरानात आता अर्ध्याहून जास्त जागेत टाकळाच टाकळा. गुरं हिरवा टाकळा तोंडात घेत नाहीत, वासामुळे, म्हणजे गुरं आजूबाजूचं गवत खाऊन साफ करतात आणि याला मोकळं रान मिळतं. वर बियांचं कवच एवढं टणक की वर्षानुवर्षं मातीत पडून राहतं आणि थोडं थोडं उगवत राहतं. एक वर्ष कापला म्हणून सुटका नाही. शेंगवर्गातला आहे म्हणजे जमीन सुधारेल असं एकजण म्हणाला होता, पण याच्या मुळांवर हरभऱ्यासारख्या नत्राच्या गाठी होत नाहीत, त्यामुळे तोही फायदा नाही.

भाजी खा, जरूर खा, पण जिथे चराईची जमीन आहे तिथे फुलावर यायच्या आत कापायलाच पाहिजे. शेंगा धरल्यावर कापून उपयोग शून्य.

वऱ्हाडी_भाकर:
गायरान भाऊ, बरोबर आहे तुमचं. पण गाजर गवतापेक्षा हा परवडला का नाही? १९५५ च्या आसपास पुण्यात पहिल्यांदा दिसलेलं गाजर गवत आज कुठं नाही ते सांगा. त्यानं अंगाला खाज, दमा, सगळंच. त्याच्यावर उपाय म्हणून टाकळ्याचं बी पावसाच्या तोंडावर फेकायला सांगतात, टाकळा दाट उगवून गाजर गवताला दाबून टाकते. पडीक जागेत, रस्त्याच्या कडंनं हे करायला काय हरकत आहे, चराईच्या रानात नको.

गायरान:
तेवढं मान्य. जागा बघून केलं तर ठीक.

आणि शहरातल्या लोकांसाठी एक, बांधावर हल्ली तणनाशक मारतात. फवारलेला टाकळा पहिले काही दिवस हिरवागार दिसतो, कडा पिवळ्या पडायला वेळ लागतो. शेतमालकाला विचारल्याशिवाय बांधावरचं काहीही खुडू नका. हायवेच्या कडेचं तर अजिबात नको, धूर आणि धूळ सगळी पानावर बसते, आणि कारखान्याच्या नाल्याजवळचं पण नको.

सुपारीबाग:
+१. म्हणूनच मी ओळखीच्या भाजीवालीकडूनच घेते, ती तिच्या वाडीतला आणते. ऑगस्टमध्ये कृषी विभागाचे रानभाजी महोत्सव असतात जिल्ह्या-तालुक्याच्या ठिकाणी, तिथे पण बचत गटाच्या बायका आणतात, त्यांच्याकडून भाजी घ्या, आणि घेताना कशी करायची ते विचारा, इतकं छान सांगतात. ऑगस्टपर्यंत टाकळा निबर होतो पण उशिरा उगवलेली, सावलीतली रोपं कोवळी मिळतात.

रानपिवळं:
खाण्याचा विषय नाही पण राहवत नाही म्हणून लिहितो. टाकळा सगळा उपटू नका याचं अजून एक कारण, एमिग्रंट जातीची ती फिकट पिवळी-पांढरी फुलपाखरं आणि छोटी ग्रास यलो यांच्या अळ्या टाकळ्याची पानं खाऊन वाढतात. कोवळी पानं वरून-खालून नीट बघा, हिरवी अळी मधल्या शिरेला समांतर चिकटलेली असते, पटकन दिसत नाही. भाजी निवडताना अळी सापडली तर ती पान-देठासकट परत झाडावर ठेवा.

चुलीवरचा_चहा:
बियांच्या कॉफीबद्दल कोणी लिहिलं नाही अजून? आमच्या घरी हिवाळ्यात करतात. शेंगा पूर्ण वाळून तपकिरी झाल्या पण फुटल्या नाहीत अशा वेळी आणायच्या, उशीर केला तर शेंग तडकून बिया खाली. बी चकचकीत तपकिरी, चौकोनी तिरपं कापल्यासारखं. लोखंडी तव्यावर मंद आचेवर भाजायचं, आधी नुसता गरम धान्याचा वास येतो, मग तडतडायला लागतं, मग खरपूस कॉफीसारखा वास सुटतो आणि रंग काळपट होतो, त्याच क्षणी उतरवायचं, नाहीतर जळकट कडू होते. गार झाल्यावर दळायची, मिक्सरला जोर पडतो कारण बी दगडासारखं असतं म्हणून थोडं थोडं. गूळ घालून उकळायची. कॅफीन नसतं त्यामुळे रात्री प्यायली तरी झोप उडत नाही.

बी पोट साफ करणारं आहे, भाजल्यावर तो गुण कमी होतो पण जात नाही, म्हणून एक कप पुरे. चीन, जपान, कोरियाकडे पण याच्याच अगदी जवळच्या जातीच्या भाजलेल्या बियांचा चहा पितात. आणि अनोळखी माणसाकडून बी घेऊ नका, वर पानफूल यांनी लिहिलंय ते कासविंद्याचं बी मिसळलेलं असेल तर भाजल्यावर ओळखता येणार नाही.

नीळमाठ:
मी नैसर्गिक रंगाचं काम करतो त्यामुळे माझा टाकळ्याशी संबंध वेगळाच. निळीच्या माठात टाकळ्याचं बी लागतं, तमिळनाडूकडची जुनी पद्धत आहे, तिकडे याला तगरै म्हणतात. नीळ पाण्यात विरघळतच नाही, त्यामुळे ती कापडात शिरणार कशी हा मूळ प्रश्न. बी मऊ होईपर्यंत शिजवून ते बुळबुळीत पाणी बियांसकट चुना घातलेल्या निळीच्या माठात सोडतात, मग त्यावर जिवाणू वाढतात, माठ आंबतो आणि निळीचं रूप बदलून ती विरघळते. माठ तयार झाला की निळा रंग जाऊन पाणी पिवळट हिरवं होतं आणि वर तांबूस-जांभळा फेस धरतो. कापड बुडवून बाहेर काढलं की हिरवं असतं, हवा लागली की डोळ्यादेखत निळं होत जातं. रसायन घालून हेच काही मिनिटांत होतं, बियांच्या माठाला दिवस लागतात आणि रोज वास घेऊन, ढवळून सांभाळावा लागतो, पण तो माठ नीट जपला तर खूप काळ चालतो.

बियांचा कारखान्यातला वापर पण मोठा आहे, आतल्या गरापासून डिंक काढतात, कॅसिया गम, खाद्यपदार्थांत ई ४२७ या क्रमांकाने ओळखला जातो, कुत्र्या-मांजरांच्या डबाबंद खाण्यात घट्टपणा आणायला वापरतात. वऱ्हाडी_भाकर म्हणतात ते बी कुठे जातं त्याचं एक उत्तर हे.

वऱ्हाडी_भाकर:
हे माहीत नव्हतं बाप्पा! भारी.

डोंगरओहोळ:
अजून दोन प्रश्न, माझी बहीण गरोदर आहे, तिने ही भाजी खाल्ली तर चालेल का? आणि बाल्कनीत कुंडीत लावता येईल का, म्हणजे ओळखीचा घोळच नको.

ओपीडी_संपली:
गरोदरपणात मी नको म्हणेन. पोट ढिलं करणारे घटक आहेत, आणि प्रमाण किती सुरक्षित हे ठरवायला पुरेशी माहिती हाताशी नसते. तिच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बियांची कॉफी तर मुळीच नको. ज्यांना आधीच जुलाब, आतड्यांचा त्रास आहे त्यांनीही जपून. लहान मुलांना डाळ घालून थोडीशी भाजी चालते, रोज नको.

पानफूल:
कुंडीत छान येतो. बी नुसतं पेरलं तर कवचामुळे फारच थोडं उगवतं, म्हणून बी आधी पॉलिशपेपरवर हलकेच घासायचं, एक बाजू जराशी फिकट दिसली की पुरे, मग रात्रभर पाण्यात. जे फुगलं ते पेरायचं, जे तसंच राहिलं ते परत घासायचं. साधी माती चालते, खत नको, ऊन मात्र भरपूर पाहिजे. दाट पेरा आणि वीतभर झालं की शेंडे खुडा, खाली फुटवे येतात आणि दुसरी खुडणी मिळते. बी ओळखीच्या झाडाचंच घ्या. आणि एकदोन रोपं सोडून बाकीची फुलायच्या आत काढा, नाहीतर शेंगा तडकून शेजारच्या सगळ्या कुंड्यांत टाकळा होईल.

डोंगरओहोळ:
थँक यू ताई. सुपारीबाग ताई, थोडं बी पाठवाल का? कुरिअरचा खर्च मी देते.

सुपारीबाग:
पाठवते की, पण आत्ता घरात बी नाही, शेंगा वाळल्या की दिवाळीनंतर मेसेज कर. तोवर जवळ कोणी आठळ्या विकत असेल तर घेऊन ठेव.